काकवी, अक्रोड

जहाजावर तू रोज करतोस म्हणे हे,
चारशे पाहुण्यांसाठी.
तुझ्या बॅगेतून निघाली लाकडी डबी,
आत पांढरं, गोल, मऊ चीज,
जरा दाबलं तर बोट उमटेल असं.
साल काढायची का, विचारलं
तर न्हाणीतूनच ओरडलास,
"नको, तीच तर भिंत!"

मेपल-बिपल माझगावात कुठे शोधू?
काकवी होती, तळाशी उरलेली.
बाटली उपडी धरून उभी राहिले,
ती निघाली तिच्या मर्जीने.
अक्रोड बत्त्याने ठेचले,
लोण्याचा खडा, चिमूटभर मीठ,
आणि हात सवयीने गेलाच
सुंठीच्या डबीकडे.

ओव्हन जुना, पुढून कमी तापतो.
मधेच ताटली फिरवली.
काकवी बुडबुडली,
चीज फुगलं, एका कडेला फाटलं.
खाली गोदीत भोंगा झाला.

तू ओट्याला टेकून
वरणभात कालवत होतास.
"सात महिने हेच वाढलं गं.
वासानेच वाटतं, ड्युटी लागली."

मग समोरच्या फिलोमिनाला हाक मारली.
दोघी उंबऱ्यांवर बसलो,
सकाळची भाकरी तव्यावर कडक करून
मोडून मोडून बुडवत राहिलो.
तार सुटली लांबच लांब,
पॅसेज ओलांडून तिच्या दारापर्यंत.
"सुंठ घातलीस?" तिने विचारलं,
आणि पुन्हा बुडवलं.

रात्री तू पाण्याला उठलास.
ताटलीत काकवी घट्ट झालेली.
चमच्याने खरवडल्याचा आवाज,
थांबून, परत.
मी कूस बदलली नाही.