कुठून सुरू होतंय

उदगीरला, बसस्टँडच्या मागल्या बोळात
माझं दुकान. सहा बाय आठ.
कुकर, स्टोव्ह, गॅसच्या शेगड्या.
दोरीवर टांगलेल्या रबरी रिंगा
वारा आला की बांगड्यांसारख्या हलतात,
वाजत मात्र नाहीत.

शाळेचा फोन आला तेव्हा
बुडाला डाळ करपलेला पाच लिटरचा कुकर
मांडीवर होता.
'तुमच्या मन्मथनं तौसीफच्या दंडाला चावा घेतलाय. या.'

रस्ताभर मी ठरवत गेलो
कुठल्या हातानं मारायचं.
माझ्या बापानं कधी ठरवलं नव्हतं.
हाताला लागेल ते :
पट्टा, पाना,
एकदा तर दूध उतू गेलेलं पातेलं.

केंद्रे बाईंनी मला पोरांच्या बाकावर बसवलं,
गुडघे हनुवटीला.
तौसीफ बिस्किट खात होता,
दंडावर दातांचा अर्धा चंद्र.
माझं लेकरू कोपऱ्यात उभं,
पण भिंतीकडं तोंड करून नाही,
खिडकीकडं. तेवढी मुभा बाईंची.

का चावलास, असं त्यांनी विचारलंच नाही.
म्हणाल्या, 'राग आला तेव्हा आधी कुठं आला?'
मन्मथ लई वेळ गप्प.
मग म्हणाला, 'कानात.
कान गरम झाले. मग दात आले.'

मी हसलो असतो,
पण बाई ते वहीत लिहून घेत होत्या.

रात्री कुकर पुढ्यात ठेवून मीही समजावलं.
ही शिट्टी, हा व्हॉल्व्ह,
वाफ कोंडली तर झाकण उडतं,
सगळीच सोडली तर भात कच्चा.
मला वाटलं, भारी बोललो.
तो रिंग बोटावर फिरवत ऐकत होता.
'पण बाबा, मी कुकर नाय.'
आतून महानंदा हसली,
भाकरी थापायची थांबली नाही.

तवापासून रांजणाजवळ एक तांब्या त्याचा.
कान तापले की जातो,
ओल्या हातानं पाळ्या धरतो,
चूक कबूल करताना धरतात तशा,
कबूल मात्र काही करत नाही.
कधी पोचतो.
कधी पोचायच्या आधीच
बहिणीची वेणी हातात असते.

परवा तोंडारचं एक गिऱ्हाईक
वीस रुपयांवरून हटून बसलं.
'जुनंच रबर घालून पैसे घेऊलालास?'
मग म्हणालं, चोर.
माझ्या हातात पाना.
पायरीवर मन्मथ सतराचा पाढा लिहीत होता.
मान वर न करता म्हणाला,
'बाबा, तुमचं कुठून सुरू होतंय?'

चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मलाही ठाऊक नव्हतं. बघितलं.
अंगठा.
पान्यावर उजवा अंगठा
नखापर्यंत पांढरा पडलेला.
तेवढा एक आधी सैल केला.
मग बाकीची चार बोटं, एकटी काय करणार?
पाना फळीवर ठेवला. आवाज झाला,
पण पान्याएवढाच.

गिऱ्हाईक पैसे न देताच गेलं.
खोटं कशाला सांगू, अजून सलतंय.
आणि एक गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली :
बापाचा मार सगळा आठवतो,
हात आठवत नाही.
कसा होता अंगठा त्यांचा,
कुणी सांगायला उरलं नाही.

पोरगं उठलं, तांब्या भरून आणला.
'तुमचे कान नाहीत. अंगठा बुडवा.'
बुडवला.
पाण्यावर ग्रीसचा तवंग पसरला.
'आता हे पाणी कुणी पिऊ नका,'
तो म्हणाला, आणि पायरीवर बसून
पाढ्यात कुठं होतो
ते शोधू लागला.