चौथा रकाना

माझ्या खोलीला खिडकी एकच, तीही बंदराकडे.
मुलं समोर बसतात आणि माझ्या खांद्यावरून
कुणाची बोट लागली ते बघत राहतात.
अलास्काच्या या बेटावर शाळा एक,
मुलं तीनशे चाळीस, समुपदेशक मी एकटी.
एकेकाच्या वाट्याला वर्षाकाठी
कपातला चहा निवेल एवढा वेळ.

आज जेर्लिन माग्बानुवा आली.
आई कॅनरीत, रात्रपाळीला, सामन माशांची डोकी उडवते.
घराला तो वास, दप्तराला तो वास.
पोरगी दप्तर दाराबाहेर ठेवून आत येते.
मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

कॉलेजच्या मदतीचा फॉर्म.
पहिले तीन रकाने सरळ गेले.
चौथा : वडिलांचे उत्पन्न.
"कुठल्या वडिलांचं?" तिनं विचारलं.
"इलोइलोतले पैसे मागतात.
इथले देतात, पण ते वडील नाहीत."
फॉर्मला असली उत्तरं चालत नाहीत.
मी पाठकोरा कागद घेतला, पेन्सिल घेतली,
आणि दुपारची घंटा होईस्तोवर
आम्ही दोघींनी एका घराचे आकडे केले.
दोनदा चुकले. एकदा ती हसली.

पाण्यात पडलं की पोहता येतं, म्हणतात.
आमच्याकडे हे कुणी म्हणत नाही.
इथलं पाणी जुलैतही बोटं बधिर करतं.
पडलेला माणूस कुणी दोर फेकेपर्यंत तरंगतो,
तेवढंच त्याच्या हातात.

आणि दोर चुकीच्या बाजूलाही पडतो.
सहा वर्षांमागं स्टेपान होता, गणितात वाघ.
मी त्याला आयोवाला धाडला, पूर्ण शिष्यवृत्तीवर.
पेपरात फोटो आला, त्याच्या खांद्यावर माझा हात.
डिसेंबरात परत आला, बर्फाच्या पहिल्या विमानानं.
म्हणाला, "मार्फाबाई, तिथं सगळीकडे मका आहे.
मका संपला की आणखी मका."
आता तो डिझेलच्या धक्क्यावर असतो.
रोज सकाळी मला हात करतो.
त्या हातात राग असता
तर मला रस्ता ओलांडता आला असता.

तेव्हापासून गुणपत्रिका उघडायच्या आधी विचारते :
"पाणी दिसलं नाही तर झोप लागेल का तुला?"
मुलं एकमेकांना सांगतात, बाईंचं वय झालं.
जेर्लिननं मात्र वेळ घेतला.
"मला पाणी दिसतं म्हणून झोप लागत नाही," ती म्हणाली.
"आई पहाटे धक्क्यावरून चालत येते. फळ्यांवर बर्फ असतो.
तिच्या टोपीवरचा दिवा दिसेपर्यंत मी खिडकीत बसते."

याला माझ्याकडे रकाना नव्हता.
जवळचं कॉलेज, लांबचं कॉलेज,
विमानाचं भाडं, बोटीचं भाडं,
सगळं मांडून झालं, आणि मध्ये तो दिवा तसाच.
"बाई, तुम्ही गेला होतात?"
"गेले होते. अडीच वर्षं."
"मग?"
फोन वाजला. मला तो उचलावासा वाटला,
उचललाही.

चारलाच बाहेर दिवे लागले.
शिफारसपत्राला बसले.
मेहनती. जिद्दी. हरहुन्नरी.
हेच शब्द मी स्टेपानला दिले होते,
त्याच्याआधी आणखी किती जणांना.
खोडले. लिहिलं :
ही मुलगी दिवा दिसेपर्यंत बसते.
पुढं काही सुचेना.
समितीला यातून काय कळेल कोण जाणे.
खाली सही केली.

ती जाताना म्हटलं, उद्या दप्तर आत आण.
त्या कॅनरीत माझीही आई होती.
तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.
दाराबाहेर पुढचा मुलगा,
रबरी बुटांत, पायांखाली डबकं,
फॉर्म उलटा धरून वाचत होता.