पुसलेलं पाणी

ख्रोनिंगेन, डिसेंबर. चारलाच दिवे.
सीत्स्के अंतरं मोजतेय.

एक्केचाळिसावा आर्जिनीन,
एकशे सत्त्याऐंशीवा ग्लुटामेट;
रांगेत मधे एकशे पंचेचाळीस जण,
घडीत मात्र दोघं समोरासमोर.

मर्यादा चार अँगस्ट्रॉम.
यांचं भरलं पाचाच्या वर.
प्रोग्रॅमने शून्य टाकलं: संबंध नाही.

मग एकाला बदललं
की अख्खं प्रथिन का उसवतं?

कॉफी निवते. ती मूळ फाइल उघडते.
मोजण्याआधी पाणी पुसायचं, ही रीतच;
तिच्या आजोबांनी तर समुद्र उपसून
बटाटे लावले होते.

पुसलेल्या ओळी परत घालते.
दोघांच्या मधोमध
थेंबसुद्धा नाही, एकच रेणू:
ऑक्सिजन याच्याकडे वळलेला,
हायड्रोजन त्याच्याकडे.

शून्य ती खोडत नाही.
शेजारी बारीक अक्षरात लिहिते,
पाण्याला विचारलं नव्हतं.