वाढत्या अंगाचं

शाळेचा वर्धापनदिन पंधरा दिवसांवर.
फ्लोर्डेलिझा टीचरनं मोबाइल पुढे केला:
"मनांग सोलेदाद, असेच बावीस हवेत.
काळ्या टिकल्या, पोट उघडं, खांद्याला नुसत्या दोऱ्या.
कापडही कमी लागेल, स्वस्तात पडेल."

फोटोतली बाई तिशीची होती,
नाचून घर चालवणारी असेल, कमावलेलं अंग.
तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.
तिचे कपडे तिच्या मापाचे होते.

मी टेप गळ्यात अडकवली,
गुइंबालच्या धक्क्याकडची खिडकी उघडली,
आणि पहिलं माप आत आलं:
जोवेलिन. सहा पूर्ण. पुढचे दोन दात नाहीत.
गुडघ्याला खपली,
ती आधी दाखवायची, मगच हात वर करायचे.
खांदा मोजला, उंची मोजली.
"खिसा असेल ना?"
"कशाला गं?"
तिनं मूठ उघडली. शंख, रबरबँड,
आणि कागदात गुंडाळलेला एक दात.

चाळीस वर्षं या पायमशीनवर
गावानं मला एकच गोष्ट सांगितली:
वाढत्या अंगाचं शिवा, मनांग.
बाहीला दुमड ठेवा, घेराला चार बोटं जास्त,
पुढच्या वर्षी उसवू, मग धाकटीला होईल.
कम्युनियनचे झगे, गणवेश, एका पोराचा तर शवपेटीतला सदरासुद्धा
मी वाढत्या अंगाचाच शिवला.
सवय. हात थांबला नाही.

आणि हे वाढलेल्या अंगाचं.
शब्द जवळजवळ तोच,
कापड निम्मं.

मी भांडले नाही. मला भांडता येत नाही,
तोंडात टाचण्या असतात.
टीचरच म्हणाली, "नाच बघा तर आधी,"
आणि मशीन नि भिंत यांच्यातल्या फूटभर जागेत
ती पावलं दाखवू लागली.
तेवीस वर्षांची पोर, कराराची नोकरी,
हेडबाईंना कप हवा.
"इथे वळायचं, आणि इथे, जोवेलिन, एक डोळा मारायचा."

जोवेलिननं दोन्ही डोळे घट्ट मिटले.
एकच मिटायला तिला अजून जमत नाही.
तशीच मिटून उभी राहिली,
आम्ही "बरोबर" म्हणायची वाट बघत.

टीचर हसली.
मग स्टुलावर बसली,
माझ्या टिकल्यांच्या डब्यात उगाच बोटं फिरवत राहिली.
बाहेर कोणीतरी होडी ओढत होतं.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"मग नाचवू काय मी यांना?"

"खेकडा," जोवेलिन म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच.

नारिंगी पॉपलीन, ढगळ विजार,
दोन्ही बाजूंना खिसे. बावीस दुणे चव्वेचाळीस खिसे.
अंगापेक्षा बोंगा मोठा, असं हेडबाई म्हणाल्या,
आणि ते खरंच होतं.

कप नाही मिळाला.
पत्र्याच्या मांडवाखाली बावीस खेकडे तिरके निघाले,
त्यातले सात तिरके निघाले ते स्टेजवरून खालीच गेले,
एक मधोमध बसून पंखा बघत राहिला.
जोवेलिनच्या आजोबांनी फोन उंच धरला होता,
त्यात दोहाच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात
तिची आई ओल्या हातांनी टाळ्या वाजवत होती,
आवाज येत नव्हता.
टीचर पडद्यामागून सगळी पावलं स्वतः करत होती, आडवी, घामाघूम.

आज वर्षानं जोवेलिन तीच विजार घेऊन आली.
खिशात वाळू, शिवणीला समुद्राचा वास.
मी दुमड उसवली, दोन बोटं सोडली.
जुन्या घडीची रेघ कापडावर तशीच राहिली, गडद नारिंगी,
कितीही इस्त्री केली तरी जाईना.

तिनं रेघेवर बोट ठेवलं.
"मी इथपर्यंत होते?"
"हो. इथपर्यंत."