लाझ्दुपे स्थानक: सोयी

तिकीट खिडकी: बंद. तिकीट गाडीत मिळतं.
प्रतीक्षालय: सकाळी सहा ते दुपारी दोन,
म्हणजे मिर्द्झाबाईंचे गुडघे म्हणतील तसं.
शौचालयाची किल्लीही त्यांच्याकडेच,
लाकडी डावाला बांधलेली,
कुणी चुकून खिशात घालून रीगाला नेऊ नये म्हणून.

स्थानकाचा इतिहास विचारला
तर त्या चार बोटं दाखवतात. आडवी, जुळवलेली.
रशियाच्या रुळांत आणि जर्मनीच्या रुळांत
फरक तो एवढाच.
पंधरा साली आजोबांनी रूळ चार बोटं आत घेतला.
एक्केचाळीसला वडिलांनी,
आणि चव्वेचाळीसला त्यांनीच पुन्हा बाहेर,
तेच खिळे, तीच पहार,
हुकूम तेवढा दरवेळी नव्या भाषेत.
"एकच रूळ हलवायचा असतो," त्या सांगतात,
"समोरचा राहतो जागच्या जागी.
वडील म्हणायचे, बरं झालं, आपलं घर त्या बाजूला आहे."
आपल्याकडे स्वर्ग दोन बोटं उरतो.
मी हे त्यांना सांगितलं नाही.

सायकलतळ: आहे. बारा सायकलींचा, छपरासकट.
पूर्वी इथे बाजूचा रूळ होता.
पिण्याचे पाणी: नाही, असं पाटी म्हणते.
मागे विहीर आहे, विहिरीवर झाकण,
झाकणावर जिरेनियमची कुंडी.

एकोणपन्नासच्या मार्चमध्ये त्या बाजूच्या रुळावर
गुरांचे डबे उभे होते, दारांना बाहेरून कड्या.
आत गिरणीवाले, त्यांची म्हातारी,
आणि शाळेत शेजारी बसणारी आउस्मा.
आईनं विहिरीत बादली सोडली.
पहारेकऱ्यानं पाहिलं,
आणि सिगारेट पेटवायला वाऱ्याकडे पाठ केली.
ती पाठ बराच वेळ तशीच राहिली.
एक सिगारेट म्हणजे पाच बादल्या.
मिर्द्झा नऊ वर्षांची, मोजत होती.
सहावी अर्ध्यावर आली तेव्हा तो वळला.

घड्याळ: आहे, चार मिनिटं पुढे.

एक सत्तेचाळीसची गाडी लागली
की त्या फलाटावर येतात, प्रत्येकाला विचारतात,
पाणी घेतलंत का बरोबर?
आज आम्ही दोघंच. मी,
आणि पाठीवर चेलो घेतलेला एक पोरगा,
कानात गाणं; त्याला ऐकूच गेलं नाही.
त्यांनी पुन्हा विचारलं.
गार्डनं शिट्टी तोंडाला लावली, खाली घेतली.
पोरगा हो म्हणेपर्यंत
त्यांनी डब्याच्या दांडीवरचा हात काढला नाही.