दुभाषी

पाहुणे आले अकरा, दोन ट्रॅव्हलरमधून,
सगळ्यांचे टी-शर्ट एकाच निळ्या रंगाचे,
पाठीवर कबुतर, खाली वर्ष.
पिंपळखुट्याच्या चर्चपुढचा सडा अजून ओला होता.
एका तरण्या गोऱ्या पोराचा बूट घसरला
आणि बायका पदराआड हसल्या.
शिलाई मशिना सहा, ब्लँकेटं चाळीस,
रंगीत खडूंच्या पेट्या.
पास्टर खंडारेंनी मला बाजूला घेतलं,
"सिस्टर, अनाथ बारा लिहून धाडले होते,
मोजले तर नऊच भरतात.
तीन उभे केलेत. सांभाळून घ्या."

मी सांभाळून घेते.
तीस वर्षं हेच करते,
इकडचं तिकडे नेते, सांडू देत नाही.
सांडलंच तर पायाने माती ओढते.

हर्षपाल ओळीत सातवा.
त्याची आई वच्छला तिथेच, दहा हातांवर,
पिंपातून पाहुण्यांना पाणी देत होती.
तिला कोणी लपायला सांगितलं नव्हतं.
डोरीन नावाची बाई, साठीच्या पुढची, नेब्रास्काची,
गुडघ्यांवर हात टेकून त्याच्यापुढे वाकली.
म्हणाली, विचार त्याला,
आई आठवते का?

मी विचारलं, "भूक लागली का रे?"
त्याने मान हलवली. जोरात.
डोरीनचे डोळे भरले.
वच्छलाने पुढे होऊन
तिला पाण्याचा गिलास दिला.

मीही अशीच उभी होते.
एकोणऐंशी साली, मिशनच्या आवारात,
अंगात दुसऱ्या कुणाचा फ्रॉक,
आई चिंचेमागे.
तिला खोकला होता. उबळ आली की
पदर तोंडात कोंबायची.
चिंचेकडे बघायचं नाही असं बजावलेलं,
म्हणून मी मडमेच्या घड्याळाकडे बघत राहिले.
लिहिणाऱ्याने लिहिलं, मुलगी हुशार आहे.
हॉस्टेल मिळालं. इंग्रजी मिळालं.
आई त्यानंतर चार वर्षं होती.
महिन्यातून एका रविवारी भेटायला यायची,
मावशी म्हणून.

दुपारी मशिना वाटल्या.
पंचफुलाबाई तिकडे फिरकलीच नाही.
"मले सुईतला दोरा दिसत नाई. देऊन टाका कोनाले."
तिचा नवरा विहीर खोदताना दरडीखाली गेला,
त्याला आता बावीस वर्षं.
डोरीनशेजारी बसून ती तुरीच्या शेंगा सोलत होती.
"इचाई मेला?"
मी म्हटलं, हो, तीन वर्षं झाली.
"मंग वावर कोनाच्या नावावर?"
सातबाऱ्यासाठी मी इंग्रजीत जागा शोधत राहिले.
डोरीनला कळलं मात्र. मुलाच्या, ती म्हणाली.
घर विकलं त्याने. मला एक खोली आहे,
खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते.
हे मी एक शब्द न गाळता सांगितलं.
पंचफुलाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.
"म्हंजे तिकडं बी तसंच."
मग म्हणाली, "यवढ्या दुरून आली थे, तिकिटाले किती लागले?"
आकडा मी निम्मा करून सांगितला.
"अबब! यवढ्यात तं माहं घर झालं असतं वो."
मी डोरीनला सांगितलं,
ती म्हणते, दुरून आलात, दमला असाल.
पंचफुलाबाईने तिच्या निळ्या टी-शर्टचं टोक ओढलं,
त्याचा ओटा केला,
आणि सोललेले दाणे सगळे त्यात ओतले.

गाड्या फाट्याकडे गेल्या तेव्हा धुरळा खूप वेळ खाली बसेना.
हर्षपालने चर्चच्या भिंतीवर हिरवा बैल काढला होता,
त्याबद्दल वच्छलाचे दोन धपाटे खाल्ले होते,
आणि आता तिच्याच पदराला नाक पुसत होता.
मी पर्स उचलली.
वच्छला म्हणाली, "सिस्टर,
थे मडम माह्या पोराले काय इचारत होती?"

"भूक लागली का, असं विचारत होती."

"मंग," ती म्हणाली,
"खायले कायले नाई देलं काई?"