मार्च पुढे नेता येत नाही

काउंटरच्या काचेखाली एक फट आहे,
पासबुक सरकेल इतकीच.
सकाळी साडेनऊला क्लिफर्ड ऑर्मरॉड यांनी
तिच्यातून बिस्किटांचा डबा सरकवून पाहिला.
अडला.

मग झाकण उघडून नोटा काढल्या,
दहा-दहाच्या, रबर लावलेल्या.
"चारशे आहेत. दोनशे एप्रिलचे,
दोनशे मार्चचे. मार्चमध्ये यायला जमलं नाही."

मोरकॅमच्या या शाखेत एकोणीस वर्षं
मी हा नियम सांगत आलेय,
जीभ आपली आपण बोलते:
या खात्यात महिन्याला दोनशे पौंड, त्यावर एक पेनीही नाही.
कमी भरा, चालेल. नाही भरलेत तरी चालेल,
पण चुकलेला महिना पुढच्या महिन्यात भरता येत नाही.
मधेच पैसे काढलेत तर खातं तिथंच बंद.
वर्ष संपलं की सगळं आपोआप साध्या खात्यात,
जिथे व्याज असून नसल्यासारखं.

"म्हणजे मार्च…"
"मार्च गेला, मिस्टर ऑर्मरॉड."
"हो," ते म्हणाले. "ते मला ठाऊक आहे."

मागे रांगेत कुणीतरी खोकलं.

त्यांनी खिशातून मुळ्याच्या बियांचं पाकीट काढलं.
पाठीमागे पेन्सिलीने आकडेमोड:
बारा गुणिले दोनशे, चोवीसशे.
त्याचे सात टक्के, एकशे अडुसष्ट.
खाली दोन रेघा. अक्षर गोल, नीटनेटकं,
त्यांचं नव्हे.
"एनिडने काढून ठेवलंय. नोव्हेंबरात खातं उघडलं तेव्हा."

दुसऱ्याच्या बायकोचं गणित चूक आहे
हे काचेतून कसं सांगतात,
याचं प्रशिक्षण आम्हाला दिलेलं नाही.

सांगितलं. चोवीसशे तिथे वर्षभर नसतात हो.
नोव्हेंबरचे दोनशे बारा महिने राहतात,
डिसेंबरचे अकरा,
ऑक्टोबरचे येतात न येतात तोच वर्ष संपतं.
सात टक्के खरेच आहेत, खोटं कुणी बोललेलं नाही,
पण हातात येतात एक्याण्णव.

ते पाकिटाकडे बघत राहिले.
"ती मुळे कधी एकदम पेरायची नाही," म्हणाले,
"दर पंधरवड्याला एक ओळ.
पहिली ओळ ताटात यायची
तेव्हा शेवटचीला जेमतेम दोन पानं.
तिला तर हे माहीत होतं.
मग इथे कशी चुकली?"

मला उत्तर नव्हतं. मी कॅल्क्युलेटर घेतला.
मार्चचे दोनशे आठ महिने राहिले असते,
नऊ पौंड तेहेतीस पेन्स.
एक्याण्णवातून वजा.
एक्याऐंशी पौंड सदुसष्ट पेन्स.
आकडा कागदावर लिहून मी फटीतून दिला,
उगाच, बोलून चाललं असतं.

(माझंही असंच खातं आहे. पैसे पहिल्या तारखेला
आपोआप वळते होतात, मी बघतसुद्धा नाही.
गेल्या वर्षीचं व्याज बॉयलरवाल्याने नेलं.)

एप्रिलचे दोनशे भरून घेतले.
यंत्राने पासबुक ओढून घेतलं, करकरलं, परत दिलं.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं.
फेब्रुवारीच्या खाली लगेच एप्रिल.
मधे ओळ सुटलेली नाही.
यंत्र ओळ सोडत नाही.

"उरलेले साध्या खात्यात टाकू का?"
"नको. डब्यात राहू देत.
तिथे मर्यादा नाही."

नोटा परत ठेवताना डब्याच्या तळाशी
त्यांचा हात थांबला.
घडी घातलेला एक कागद होता,
नोंदणी कार्यालयाचा, हिरवट.
खात्यावर नावं दोन होती,
आता एक कमी करायचं होतं.

तो कागद फटीतून सहज आला.